लोणावळ्याचा एक प्रयोग आणि महारोहिणीचा फुगवटा

मावळ म्हटलें कीं लोहगड-विसापूरचे बुरूज, कार्ले-भाज्याचीं लेणीं आणि १८६३ सालापासून बोरघाट चढूं लागलेली आगगाडी हीं वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. इतिहासाच्या अभ्यासकांनींही या मुलखाची विचारपूस केली ती बहुधा किल्ल्यांसाठीं आणि शिलालेखांसाठीं. परंतु मानवी हृदयाविषयींच्या ज्ञानाच्या इतिहासांतही मावळाचें एक पान आहे, आणि तें आपल्याकडे फारसें वाचलें गेलेलें नाहीं. तें पान उघडून त्याच्या आधारें आज पुष्कळ घरांत पडणाऱ्या एका प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. तो प्रश्न असा : ज्याच्या हृदयाची मुख्य झडप जन्मतःच सदोष आहे आणि ज्याची महारोहिणी त्यापायीं रुंदावत चालली आहे, त्याच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरविलें तर त्या रुंदावण्यास आळा बसतो काय? उत्तर सोपें वाटतें. आणि सोपें वाटतें म्हणूनच तें पारखून घेणें अवश्य आहे.

प्रथम लोणावळ्याची हकीकत. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढें स्वामी कुवलयानंद या नांवानें प्रसिद्धीस आलेले गृहस्थ, यांचा जन्म १८८३ सालचा. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्यापाशीं त्यांनीं शरीरसाधनेचे धडे घेतले आणि मालसर येथें परमहंस माधवदासजींपाशीं योगाचे. कांहीं काळ खानदेशांत अमळनेर येथें शिक्षणकार्य केल्यावर १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली, आणि त्याच वर्षीं 'योग-मीमांसा' हें त्रैमासिक सुरू केलें. त्या काळीं योगाविषयीं बोलणाऱ्यांचे दोन तट होते. एकास योगानें होणार नाहीं अशी गोष्टच जगांत दिसत नव्हती. दुसऱ्यास योग म्हणजे केवळ भोळ्या भाविकांची करमणूक वाटत होती. स्वामींनीं या दोहोंपैकीं कोणाशींही वाद न घालतां क्ष-किरणांचें यंत्र आणि दाबमापक पुढें आणून ठेविलें. नौली करतांना मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, हें त्यांनीं मोजून दाखविलें आणि त्या अंशतः निर्वात स्थितीस आपल्या गुरूंचें नांव दिलें. उलटपक्षीं, प्राणायामानें शरीरास प्राणवायूचा मोठाच सांठा मिळतो, ही जी लोकप्रिय समजूत, तिला त्यांच्या मापनांचा आधार मिळेना. तेव्हां प्राणायामाचें महत्त्व प्राणवायूच्या जमाखर्चावर उभें करण्याचें त्यांनीं नाकारिलें. स्वतःच्या शास्त्रास अनुकूल वाटणारी समजूतदेखील मापनापुढें टिकली नाहीं तर ती टाकून द्यावयाची, हा शिरस्ता लोणावळ्यास असा पहिल्यापासून पडला.

या शिरस्त्याची खरी कसोटी लागली ती हृदयाच्या बाबतींत. योगी आपल्या इच्छेनें हृदय थांबवितो, ही आख्यायिका आपल्याकडे जितकी जुनी तितकीच युरोपांत कुतूहलाची. १९३५ सालीं तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृद्रोगतज्ज्ञ बाईंनीं हृदयाच्या विद्युत्स्पंदनांचा आलेख काढणारें यंत्र हिंदुस्थानांत आणिलें आणि योग्यांच्या हृदयाचे आलेख घेतले. त्यांपैकीं एका आलेखांत स्पंदनाच्या रेषा जवळ जवळ मावळलेल्या दिसल्या, आणि हृदय खरोखरीच थांबूं शकतें असा पुष्कळांचा ग्रह झाला. पुढें १९५७ सालीं अमेरिकेंतून वेंगर व बागची हे दोघे संशोधक अधिक सूक्ष्म यंत्रें घेऊन या देशांत आले. त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधामांतील साधकांवर मापनें केलीं, अन्य ठिकाणच्या योग्यांचीही परीक्षा घेतली, आणि दिल्लीचे शरीरशास्त्रज्ञ आनंद यांच्यासह हृदय व नाडी यांविषयींचे निष्कर्ष १९६१ सालीं प्रसिद्ध केले.

ते निष्कर्ष थोडक्यांत असे. योगी श्वास कोंडतो, छातीचे आणि पोटाचे स्नायु आवळतो. त्यामुळें छातीच्या पोकळींतील दाब वाढतो, शिरांवाटे हृदयाकडे परतणारें रक्त अडतें, आणि मनगटावरील नाडी हातास लागेनाशी होते. स्नायूंच्या आवाजांत हृदयाचे ठोकेही बुडून जातात. परंतु विद्युत्-आलेख पाहावा तर हृदय आपलें काम करीतच असतें. थांबलेली असते ती नाडी, हृदय नव्हे. हा निष्कर्ष योग्यांस कमीपणा आणणारा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या मार्गानें तो परिणाम घडतो तो मार्ग कळला, हीच त्यांतील खरी प्राप्ति होय. एका गोष्टीची खूण दिसेनाशी झाली म्हणून ती गोष्टच नाहींशी झाली असें म्हणूं नये, आणि एक खूण सुधारली म्हणून दुसरी गोष्ट सुधारली असेंही म्हणूं नये, हा या प्रयोगाचा धडा आम्हीं पुढील विवेचनांत वारंवार वापरणार आहों.

श्वास कोंडून जोर करण्याच्या या क्रियेस वैद्यकांत व्हालसाल्वा याचें नांव आहे. अंतोनियो व्हालसाल्वा हा इटलींतील शरीरविच्छेदक १६६६ सालीं जन्मला आणि १७२३ सालीं वारला. त्यानें ही क्रिया १७०४ सालीं कानावरील आपल्या ग्रंथांत वर्णिली. महारोहिणी हृदयांतून जेथें निघते तेथें झडपेच्या पाकळ्यांमागें तीन लहान फुगीर कोनाडे असतात. त्यांसही याचेंच नांव आहे. आणि महारोहिणीच्या फुगवट्यावर त्यानें जो उपचार योजिला तोही पुढें त्याच्या नांवानें ओळखला गेला. तो उपचार म्हणजे रक्तस्राव आणि उपासमार. रोग्यास इतका क्षीण करावयाचा कीं नाडीचा जोर ओसरावा आणि फुगलेल्या भिंतीवरील आघात मंदावा. उपचार क्रूर होता खरा. परंतु त्यामागील विचार भिंतीवर पडणाऱ्या दाबाचा होता, रक्तांतील कोणा द्रव्याचा नव्हता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां त्या झडपेकडे वळूं. हृदयाच्या डाव्या कप्प्यांतून रक्त महारोहिणींत जातें त्या दारावर एक झडप असते. तिला स्वभावतः तीन पाकळ्या असतात, आणि दिवसाकांठीं सुमारें एक लक्ष वेळां ती उघडते व मिटते. परंतु शंभर मनुष्यांमागें एका-दोघांच्या झडपेस गर्भावस्थेंतच दोनच पाकळ्या होतात. हा हृदयाचा सर्वांत सामान्य असा जन्मजात दोष असून स्त्रियांपेक्षां पुरुषांत तो सुमारें तिपटीनें आढळतो. लिओनार्दो दा व्हिंची यानें सोळाव्या शतकाच्या आरंभीं या झडपेचीं रेखाचित्रें काढून तीन पाकळ्यांच्या भूमितीचा विचार केला होता. इंग्लंडांत पीकॉक यानें १८५८ सालीं हृदयाच्या जन्मजात व्यंगांवर ग्रंथ लिहिला, आणि १८८६ सालीं ऑस्लर यानें दुदली झडपेवर स्वतंत्र निबंध लिहून ती जंतुदोषास लवकर बळी पडते याकडे लक्ष वेधलें. माँट्रियल येथें वैद्यकीय संग्रहालय सांभाळणाऱ्या मॉड ॲबट या विदुषीनें १९२८ सालीं महारोहिणीच्या जन्मजात अरुंदपणाच्या दोनशें उदाहरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत दुदली झडप आणि फाटलेली महारोहिणी यांची गांठ पुनःपुन्हां पडलेली दिसते. म्हणजे दोष केवळ दारापुरता नसून दारापलीकडील भिंतीपर्यंत पोंचलेला असतो, ही जाणीव तेव्हांपासूनची आहे.

हा दोष असलेलीं बहुतेक माणसें वर्षानुवर्षें निरोगी दिसतात. कांहींची झडप पन्नाशी-साठीच्या सुमारास चुन्यानें कडक होऊन अरुंद होते. कांहींची गळूं लागते. आणि पुष्कळांची महारोहिणी, विशेषतः तिचा हृदयापासून वर चढणारा भाग, हळूहळू रुंदावतो. रुंदावणें फार झालें तर भिंतीचे थर एकमेकांपासून उकलून प्राणघातक प्रसंग ओढवतो. तो विरळा असतो, आणि वेळेवर मापन करीत राहणाऱ्यास टाळतांही येतो. परंतु महारोहिणी रुंदावत असतां मनुष्यास बहुधा कांहींच जाणवत नाहीं, म्हणून मापनावांचून दुसरा सावध करणारा नाहीं.

आतां कोलेस्टेरॉल या गोष्टींत कसें शिरलें तें पाहूं. १९१० सालीं विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें किटण चढलेल्या महारोहिण्या आणि निरोगी महारोहिण्या यांचें पृथक्करण करून पहिल्यांत कोलेस्टेरॉल कितीतरी पटींनीं अधिक असल्याचें दाखविलें. १९१३ सालीं रशियांत अनिच्कोव्ह व खालातोव्ह यांनीं सशांस कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या महारोहिणींत तसलेंच किटण उत्पन्न केलें. १९४८ सालीं अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम या गांवीं दीर्घकालीन पाहणी सुरू झाली आणि रक्तांतील कोलेस्टेरॉल व हृद्रोग यांचा संबंध माणसांतही प्रस्थापित झाला. जपानच्या अकिरा एंडो यांनीं १९७० नंतरच्या दशकांत बुरशीपासून पहिलें स्टॅटिन शोधून काढिलें, आणि १९९४ सालीं स्कँडिनेव्हियांतील ४,४४४ रोग्यांवरील परीक्षेनें स्टॅटिनमुळें मृत्यु कमी होतात हें निःसंशय ठरलें. वैद्यकाच्या इतिहासांत इतकी सलग आणि इतकी यशस्वी अशी विचारमालिका क्वचितच सांपडेल.

यशाचा एक दोष असा कीं तें आपल्या सरहद्दीबाहेरही अंमल गाजवूं पाहतें. विंडाउसनें तपासली ती महारोहिणीच. सशांत किटण चढलें तेंही महारोहिणींतच. कडक झालेल्या झडपेंतही मेदाचे कण सांपडतात. मग स्टॅटिननें कोलेस्टेरॉल उतरविलें म्हणजे झडपही सुधारेल आणि महारोहिणीही आवरेल, असें अनुमान कोणाही शहाण्या माणसानें काढावें यांत नवल नाहीं. कांहीं रुग्णालयांच्या जुन्या नोंदी चाळल्या तेव्हां दुदली झडपेच्या रोग्यांपैकीं स्टॅटिन घेणाऱ्यांच्या महारोहिण्या कमी रुंदावलेल्या आढळल्या, त्यानें हें अनुमान अधिकच बळावलें.

परंतु अनुमानास परीक्षेस बसविण्यांत आलें. २००५ सालीं स्कॉटलंडांतील १५५ रोग्यांच्या परीक्षेचा निकाल लागला : स्टॅटिननें कोलेस्टेरॉल भरपूर उतरलें, पण झडपेचें अरुंद होणें थांबलें नाहीं. २००८ सालीं युरोपांतील १,८७३ रोग्यांवरील चार वर्षांहून अधिक काळ चाललेल्या परीक्षेनें तेंच सांगितलें. २०१० सालीं कॅनडांतील २६९ रोग्यांवरील परीक्षेचा निकालही वेगळा आला नाहीं. आणि हींत दुदली झडपेचे रोगी मोठ्या संख्येनें होते. राहिला महारोहिणीच्या रुंदीचा प्रश्न. त्याचें उत्तर या दशकांत स्पेनमधून मिळालें. तेथें केवळ दुदली झडपेचेच रोगी घेऊन कांहींस ॲटॉर्व्हास्टॅटिन आणि कांहींस औषधविरहित गोळी देण्यांत आली, आणि तीन वर्षें मापनें करण्यांत आलीं. औषध घेणाऱ्यांचें कोलेस्टेरॉल उतरलें; महारोहिणी मात्र दोन्ही गटांत सारख्याच मंद गतीनें रुंदावत राहिली.

मग जुन्या नोंदींनीं चकविलें तें कां? स्टॅटिन घेणारा मनुष्य बहुधा वैद्याकडे नियमानें जाणारा, रक्तदाबाची गोळीही न चुकतां घेणारा असतो. त्याची महारोहिणी कमी रुंदावली असेल तर त्याचें श्रेय कोणत्या गोळीस द्यावें हें नुसत्या नोंदींवरून उमगत नाहीं. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें रोग्यांची वाटणी केली म्हणजेच तें उमगतें. लोणावळ्यास मनगटावरील नाडी आणि हृदयाचा आलेख हीं एकाच वेळीं पाहिलीं म्हणून दोहोंतील भेद कळला, तसाच हा प्रकार होय.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. स्नेहद्रव्यांचा झडपेशीं कांहींच संबंध नाहीं असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनीं १९६३ सालीं शोधलेला 'लायपोप्रोटीन-ए' हा रक्तांतील मेदाचा एक आनुवंशिक प्रकार आहे. ज्यांच्यांत तो जन्मतः अधिक त्यांच्या झडपेंत चुना अधिक सांठतो, असें २०१३ सालीं जनुकांच्या मोठ्या अभ्यासांतून दिसून आलें. हा प्रकार स्टॅटिननें उतरत नाहीं. आणि ज्यास हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकारासाठीं स्टॅटिन दिलेलें आहे त्यानें हा निबंध वाचून तें बंद करावें, असा तर अर्थ कोणीं मुळींच काढूं नये. तें औषध ज्या कामासाठीं आहे तें काम तें उत्तम करतें. मुद्दा इतकाच कीं तें काम महारोहिणीचा हा फुगवटा थोपविण्याचें नाहीं.

महारोहिणीचा प्रत्येक विकार मेदानेंच होतो ही समजूत मोडण्यास आमच्या महाराष्ट्रांतील संशोधकांनींही हातभार लाविला आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं १९६३ सालीं डॉ. किणरे, डॉ. इंजिनियर व डॉ. परुळकर यांच्यासह महारोहिणीच्या मधल्या भागाच्या विकाराचें वर्णन ब्रिटिश हृद्रोगपत्रिकेंत प्रसिद्ध केलें. तेथें रोगी तरुण होते, आणि विकाराच्या मुळाशीं किटण नसून भिंतीचा दाह होता. वृद्ध धूम्रपान करणाऱ्यांच्या पोटांतील महारोहिणी फुगते तेव्हां तिच्यांत किटण हटकून असतें. दुदली झडपेच्या मनुष्याची चढती महारोहिणी फुगते तेव्हां ती पुष्कळदां आंतून स्वच्छ असते. नांव एक, नळी एक, पण व्याधि निरनिराळ्या.

दुदली झडपेच्या मनुष्याची भिंत कशानें रुंदावते? दोन कारणें सांगितलीं जातात आणि दोन्ही खरीं आहेत. पहिलें, झडप व भिंत यांची घडण गर्भांत एकत्रच होत असल्यामुळें भिंतीचे लवचीक तंतु उपजतच कमजोर असतात. दुसरें, दोन पाकळ्यांच्या तिरक्या फटींतून निघणारा रक्ताचा झोत सरळ न जातां भिंतीच्या एका बाजूवर आपटतो. या दोहोंवर भर पडते ती रक्तदाबाची. हें समजण्यास पुन्हां मावळांतच यावें. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांचें पाणी पांचशें मीटरांहून अधिक खालीं खोपोलीस नळांवाटे नेऊन टाटांच्या कंपनीनें १९१५ सालीं वीज निर्माण केली. अशा नळांत जसजसें खालीं जावें तसतसा पाण्याचा दाब वाढतो, म्हणून नळाची भिंतही खालीं खालीं अधिक जाड करावी लागते. लाप्लास याचा नियम असा कीं भिंतीवरील ताण हा दाब आणि नळीची त्रिज्या यांच्या गुणाकाराप्रमाणें वाढतो, आणि भिंत जाड असेल तितका तो वांटला जातो. चाळीस मिलिमीटरची महारोहिणी पन्नासांची झाली तर दाब तोच असूनही ताण सव्वापट होतो. त्यांत रुंदावतांना भिंत पातळ होते ती निराळीच. खोपोलीच्या अभियंत्यास जाडी वाढवितां येते, शरीरास ती येत नाहीं. हातीं राहतो तो दाब.

दाबाचें हें महत्त्व ओळखण्यांतही आपल्या प्रांताचा वांटा आहे. १९२७ सालीं रक्तदाबानें आजारी पडल्यावर गांधीजींनीं आसनांविषयीं स्वामी कुवलयानंदांशीं पत्रव्यवहार केला होता. १९४९ सालीं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेनें रक्तदाब उतरतो हें जगापुढें मांडलें. आज त्याहून सौम्य औषधें आहेत, आणि दुदली झडपेच्या मनुष्यास त्यांचा उपयोग खरा. उलट, श्वास कोंडून अवजड वजन उचलण्याचा व्यायाम त्यास वर्ज्य. कारण १९८५ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं रोहिणींत सुई घालून मोजलें तेव्हां पिळदार तरुणांचा दाब अशा वेळीं क्षणभर तीनशेंच्याही वर गेलेला आढळला. ज्या व्हालसाल्वाच्या क्रियेनें लोणावळ्यास नाडी लोपली, तीच येथें भिंतीवर असा भार घालते. महारोहिणी रुंदावलेल्या साधकानें म्हणूनच दीर्घ कुंभक व बंध यांच्या वाटेस वैद्यास विचारल्यावांचून जाऊं नये. शवासन आणि सावकाश श्वसन यांत असा जोर नसतो.

कुटुंबांतून आज जें घडतें तें आमच्या मतें असें. घरांत रक्ततपासणीचा कागद येतो. कोलेस्टेरॉलचा आंकडा मर्यादेच्या आंत पाहून सर्वांस हायसें वाटतें. आणि हृदयाच्या ध्वनिचित्राचा दुसरा कागद, ज्यावर महारोहिणीची रुंदी मिलिमीटरांत लिहिलेली असते, तो कपाटांत जातो. पहिल्या कागदानें दुसऱ्याचें समाधान होत नाहीं. रुंदी चाळिसाच्या वर गेली कीं ठराविक मुदतीनें पुन्हां मापन, पंचावन्नास पोंचली कीं शस्त्रक्रिया, आणि घराण्यांत भिंत फाटल्याचा इतिहास किंवा अन्य धोका असल्यास पन्नासासच शस्त्रक्रियेचा विचार, असा आजच्या वैद्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. हा दोष आनुवंशिकही असतो. रोग्याच्या भावंडांत व मुलांत सुमारें दहांपैकीं एकाची झडप दुदली निघते. म्हणून त्यांचेंही एकदां ध्वनिचित्र काढावें.

स्वामी कुवलयानंद १९६६ सालीं निवर्तले. ज्या परीक्षांचा वृत्तांत आम्हीं वर दिला त्यांपैकीं एकही त्यांच्या हयातींत झालेली नव्हती. परंतु जें जाणावयाचें तेंच मोजावें, त्याच्या शेजारचें मोजून समाधान मानूं नये, ही त्यांच्या प्रयोगशाळेची रीत या प्रश्नास जशीच्या तशी लागू पडते. महारोहिणीविषयीं जाणावयाचें असेल तर महारोहिणी मोजावी, आणि तिच्या रक्षणासाठीं रक्तदाब मोजावा. कोलेस्टेरॉलही अवश्य मोजावें. परंतु त्याला विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत.